तीस पिंपळ्या

सातारा
२ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप आत्याबाईस,
रेणूचा नमस्कार.

परवा तुझ्या लेकाला, धर्मेंद्रदादाला फोन केला तेव्हा कळलं, की तुला आता डाव्या कानानंही ऐकू येईनासं झालंय. फोन तुझ्या हातात दिला तर तू म्हणालीस, "चिमणी बोलल्यावानी वाटते," आणि परत देऊन टाकलास. म्हणून हे पत्र. तसंही तुझं अक्षर माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा वळणदार आहे.

काम असं आहे. कॉलेजात मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवून एकोणीस वर्षं झाली, पण आपल्या परसातल्या झाडांवर मी एक ओळ लिहिली नाही. आता एक छोटं पुस्तक लिहायला घेतलंय. पहिलंच प्रकरण पिंपळीचं. माझ्यापाशी आहे ते असं: पिंपळी म्हणजे मिरी आणि नागवेलीची बहीण, एकाच कुळातली. सावलीत, ओलीवर वाढणारी. खालच्या पानांना लांब देठ, वरची बिनदेठाची, खोडाला बिलगलेली. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. नराची कणसं लांब आणि बारीक, मादीची आखूड, जाडसर. आपण वाळवतो ती मादीचीच. पण हे सगळं मी कपाटातल्या वाळक्या नमुन्यांवरून शिकले. जिवंत वेल आठवते ती तुझ्या विहिरीमागची. सात वर्षांची असताना एक कणीस चावलं होतं आणि तोंडाला मुंग्या आल्या म्हणून अर्धा दिवस रडले होते.

तर तू लिही. वेल कुठून आली, कधी तोडायची, कुणाला कशासाठी द्यायची. आणि एक खास विचारायचं आहे. जुन्या ग्रंथांत 'वर्धमान पिंपळी' म्हणून प्रकार सांगितलाय. पहिल्या दिवशी तीन पिंपळ्या दुधातून, दुसऱ्या दिवशी सहा, असं वाढवत दहाव्या दिवशी तीस, आणि मग तशाच उतरवत आणायच्या. जुन्या खोकल्यावर, दम्यावर. हे आजीनं कधी दिलं होतं का? तू देतेस का? आपल्याकडे अजून ही रीत जिवंत असेल तर ती फार मोठी गोष्ट होईल.

दादाच्या लेकीला, रुपाला आशीर्वाद. पवनीच्या कॉलेजात रमली का?

तुझी,
रेणू

*

आसगाव, ता. पवनी
१२ सप्टेंबर

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमननं दिलं तवा मी धान निवडत होती. हात पुसून वाचलं. मंग जेवल्यावर अजून एकदा वाचलं. घरात सगळे इचारत होते, काय लिहिलं म्हनून. मी म्हनलं, रेणूले माह्याकडून शिकाचं हाये.

येल माह्या मायनं आनली. रामटेककडे पानमळे हायेत, तिथल्या एका पान पिकवनाऱ्या बरयानं तिले कांडी देली होती. ओल्या फडक्यात गुंडाळून बैलगाडीनं आनली अन् माह्या लग्नात मले देली. बाकीच्यायले भांडे भेटले, मले येल भेटली. विहिरीमागं आंब्याखाली लावली, तिथं ऊन येत नाई. आमी तिले पानपिंपळी म्हनतो. कनीस हिरवं कच्चं असतानाच तोडाचं. पिकलं का त्याचा तिखटपना जाते. चार-पाच दिस उनात टाकलं का काळं होते. नर येल मी जन्मात पाह्यली नाई.

खोकल्याले एक-दोन पिंपळ्या भाजून, कुटून मधात. पोट फुगलं तर सुंठ-मिऱ्यासंग. मूळ बाळंतिनीच्या लाडवात. दात दुखला तर चावून धराची. आसगावातच नाई, सानगडीपासून बाया येतात. चाळीस वर्सं झाली, मी कोनाले रिकाम्या हातानं धाडलं नाई.

तू जे वाढतं पिंपळीचं इचारलं, ते आमच्याकडे हायेच. माय देत होती, मी बी देते. तीन, सहा, नऊ असंच. त्यात नवीन काय हाये.

रुपा चांगली हाये. खोकला हाये थोडा, पावसाचा. बाकी काही नाई.

आत्या चंद्रभागा

*

सातारा
२१ सप्टेंबर

ती. आत्याबाईस नमस्कार.

तुझं पत्र मी आमच्या विभागात सगळ्यांना वाचून दाखवलं. "बाकीच्यायले भांडे भेटले, मले येल भेटली" हे ऐकून आमच्या विभागप्रमुख बाईंनी ते वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतलं.

वर्धमान पिंपळीचं वाचून तर मी खुर्चीतून उठले! पुस्तकात लिहिलेलं सगळे सांगतात, हातानं देणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. आत्याबाई, पुढच्या खेपेला कुणाला देशील तेव्हा माझ्यासाठी रोजची नोंद ठेवशील? किती पिंपळ्या, दूध किती, भूक कशी, झोप कशी, खोकला कुठल्या दिवशी कमी झाला. नाव नको लिहूस, नुसतं 'एक मुलगी', 'एक म्हातारा' असं चालेल. त्या प्रकरणावर मी तुझं नाव घालणार आहे. आसगावच्या चंद्रभागाबाई यांच्या अनुभवातून, असं.

वाट बघते.

रेणू

*

आसगाव
३ ऑक्टोबर

चि. रेणूस आशीर्वाद.

तुह्या म्हनन्यापरमानं नोंद सुरू केली. रुपाच्या जुन्या वहीत कोरी पानं होती, त्याच्यावर लिहिते. मोहल्ल्यातली एक पोरगी हाये, एकोनीस वर्साची. भादव्यापासून खोकला जाऊन नाई राहिला होता. तिले देऊन राहिली.

आज सातवा दिस, एकवीस पिंपळ्या. खोकला चवथ्या दिवशीच अर्धा झाला. रातच्या उबळी बंद. भूक बरी. झोप मातर लय येऊन राहिली, दुपारी बी डोळा लागते. काल म्हने अक्षरं हालल्यावानी दिसतात. पिंपळी गरम राह्यते, म्हनून दुधात तूप घातलं. तीसपर्यंत नेते अन् मंग उतरवते. पूर्न झालं का वही धाडते.

अजून एक. शहापूरचे पाहुने दिवाळी झाल्यावर रुपाले पाहाले येऊन राहिले. गावातल्या परसरामनं जुळवून आनलं. पोरगा बँकेत हाये, घर हायवेवर हाये. सून रिता आतापासूनच घर सारवून राहिली. धर्मेंद्र म्हनते, पाहुन्यासमोर पोरगी खोकली तर बरं नाई दिसत. देवानं सगळं नीट करावं.

आत्या

*

सातारा
१० ऑक्टोबर

ती. आत्याबाईस नमस्कार.

घाईत लिहिते. हे पत्र पोचल्याबरोबर कर, मग पुढचं वाच: त्या मुलीची पिंपळी बंद कर, आणि ती दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेते का ते तिच्या घरी जाऊन विचार.

काल आमच्या गावच्या औषधशास्त्राच्या एका प्राध्यापकांना तुझं पत्र कौतुकानं दाखवायला गेले. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "मुलगी कुठलं औषध घेते का?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, पिंपळीत जो तिखट अंश असतो तो दुसरं औषध शरीरात जास्त मुरवतो आणि लवकर बाहेर पडू देत नाही. जुन्या वैद्यांना हे ठाऊक होतं, म्हणून तर ते इतक्या काढ्यांत पिंपळी घालत. पण आजची गोळी मोजूनमापून दिलेली असते. टीबीची, रक्तदाबाची, आणि सगळ्यांत जास्त फिटची. फिटच्या काही गोळ्या अशा असतात की नेहमीची एक घेतली तरी अंगात दोन घेतल्यासारखी चढते. माणूस झोकांड्या खातं, दोन-दोन दिसतं, जीभ जड होते.

तू लिहिलंस, अक्षरं हलतात. म्हणून मला झोप लागली नाही.

मी धर्मेंद्रदादाला फोन केला, तो लागला नाही. तू कळव.

रेणू

*

सातारा
५ नोव्हेंबर

ती. आत्याबाईस,

दिवाळी गेली, तुझं पत्र नाही. दादाचा फोन शेवटी लागला. मी विचारलं, "आत्याबाई कोणाला पिंपळी देत होती, ती मुलगी बरी आहे का?" तो म्हणाला, "मले काय माहीत बाप्पा, तिचे पेशंट ती जाने." रुपाला फोन दे म्हटलं तर म्हणाला, झोपली आहे. दुपारचे बारा वाजले होते.

मी काही चुकीचं बोलले का? पुस्तक वीस तारखेला छापायला जायचं आहे. वही राहू दे, नुसतं दोन ओळी लिही. ती मुलगी बरी आहे एवढंच.

रेणू

*

आसगाव
११ नोव्हेंबर

चि. रेणूस आशीर्वाद.

ती पोरगी बरी हाये. पिंपळी कवाच बंद झाली. वही हरवली. पुस्तकात माहं नाव घालू नको, मले ते बरं नाई वाटत.

आमच्या घरी थोडा तरास झाला म्हनून लिहिनं झालं नाई. रुपा ७ तारखेले, मागच्या महिन्यात, वावरात डबा घेऊन जात होती, ते तळ्याच्या, आपल्या बोडीच्या बांधावरून पान्यात गेली. बोडी काठोकाठ भरली होती. शेजारचा केवळराम तिकडं म्हशी धुवत होता, त्यानं ओढून काढली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात आठ दिस होती. आता उठून-बसून करते.

डॉक्टर म्हनते तिच्या रक्तात गोळीचं परमान दुप्पट निघालं. म्हनून ते म्हनते, पोरीनं गोळ्या जास्त खाल्ल्या अन् मंग बोडीत उडी घेतली. पोलीस बी येऊन इचारून गेले. गावात तेच बोलून राहिले, पाहुने येनार होते म्हनून पोरीनं जीव द्याले पाह्यलं. पोरगी म्हनते, मी एकच खाल्ली, रोजच्यावानी. कोनी आयकत नाई. बापानं एक मारली बी. शहापूरच्यायनं परसरामच्या हातून निरोप धाडला, आमी येत नाई.

तू शिकलेली हायेस म्हनून इचारते. एखादी वस्तू अंगात गेली अन् तिनं खराबी केली, तर बंद केल्यावर ती पुरी निंगून जाते का मागं काही राह्यते?

आत्या

*

सातारा
१७ नोव्हेंबर

आत्याबाई,

निघून जाते. मागं काही राहत नाही. तू जे विचारलंस त्याचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

आता मी विचारते. रुपा कसली गोळी घेत होती? मोहल्ल्यातली ती एकोणीस वर्षांची मुलगी म्हणजे आपली रुपाच ना?

तुझं पत्र आलं त्याच मिनिटाला मी दादाला फोन केला. म्हटलं, दादा, तिनं जास्त गोळ्या खाल्ल्या नाहीत, पिंपळीनं तसं झालं, डॉक्टरांना सांग. तो म्हणाला, "माय असं करूच शकत नाई. अन् गोळ्यायचं तुले कोनं सांगतलं? आमच्या घरात तू पडू नको." फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही. म्हणजे त्याला गोळ्यांचं लपवायचं आहे. मुलीनं जीव द्यायला पाहिलं हे तो ऐकून घेईल, पण तिला फिट येते हे कुणाला कळू द्यायचं नाही, असं आहे का?

आत्याबाई, तुझ्यावर एकटीवर मी हे टाकत नाही. विचारलं मी. पानाचा आकार विचारावा तसं मी औषधाचं प्रमाण विचारलं. 'अनुभव लिहून पाठव' म्हटलं, आणि कुणाच्या तरी अंगावर तो अनुभव घेतला जाणार हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझं पत्र पोचलं तेव्हा रुपा पाण्यातून बाहेर आलेली होती, हे तारखांवरून दिसतं. ते घडायचं ते घडलं. पण त्याला महिना झाला, आणि त्या मुलीला आजही सगळे खोटी ठरवतात. ते तुझ्या एका वाक्यानं थांबेल. माझ्या नाही, मी सांगून पाहिलं.

पुस्तक मी थांबवलं आहे.

रेणू

*

आसगाव
२८ नोव्हेंबर

चि. रेणूस,

तुह्या पत्राचं उत्तर द्याच्या आधी जे कराचं होतं ते केलं. आता सगळं लिहिते. काही ठेवत नाई.

रुपाले सोळाव्या वर्सापासून फिट येते. दोन-तीन महिन्यातून एखादी. नागपूरच्या डॉक्टरची गोळी चालू हाये, रोज संध्याकाळी एक. आमी कोनालेच सांगतलं नाई, तुह्या बापाले बी नाई. पोरीच्या जातीले असं असलं का तिचं लगन होत नाई, म्हनून.

अन् दुसरं. माह्या मायनं वाढती पिंपळी कवाच देली नाई. मी बी नाई. एक-दोन पिंपळ्या मधात, एवढंच आमचं. तीन-सहा-नऊ मी तुह्या पत्रात पहिल्यांदा वाचलं. मंग 'हायेच' म्हनून काहून लिहिलं, तर आयक. तुह्या बापाले शिकवाचं म्हनून मले सातवीतून काढलं होतं. मी त्याचं कधी बोलली नाई. पन कॉलेजातली बाई, माह्या भावाची पोरगी, मले इचारते का आत्या तुले हे माहीत हाये का. मले 'नाई' म्हनाची लाज वाटली. लिहून टाकलं. मंग तू म्हनली नोंद ठेव, पुस्तकात नाव घालते. तवा खोटं लिहिलेलं खरं करून दाखवाचं मनात आलं. घरात खोकलनारी पोरगी होतीच. तिले म्हनलं, कोनाले सांगू नको, बाप रागावते. ती आयकनारी पोरगी.

दहाव्या दिवशी तीस झाल्या. त्या दिवशी तिले उलटी झाली. म्हने, "आजी, मले दोन-दोन दिसून राहिले." मी म्हनलं, गरमी हाये, उद्यापासून उतरतेच हाये. दुसऱ्या दिवशी सत्तावीस पाजून मी तिले डबा देऊन वावरात धाडली. मीच धाडली, रेणू.

तुहं पयलं पत्र, गोळीचं सांगनारं, रुपा दवाखान्यातून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. वाचलं अन् सगळं समजलं. पन त्या दिवसापासून तर तुहं हे पत्र येईपर्यंत मी तोंड उघडलं नाई. रोज म्हनो, उद्या सांगीन. रोज आंगनात कोनी ना कोनी बाई येऊन बसे, "काकी, खोकल्याचं द्या," अन् मी देओ. माहं नाव जाईन, हे एकच दिसे. नात समोर बसून राह्यली, ते नाई दिसलं.

सोमवारी फेरतपासनीले भंडाऱ्याले जाचं होतं. मी म्हनलं, मी बी येते. धर्मेंद्र म्हने, "तुले आयकू येत नाई, येऊन काय करशीन?" मी म्हनलं, आयकाले नाई, बोलाले येते. फडक्यात पिंपळ्या बांधून घेतल्या.

डॉक्टरीनबाई तरुन हाये. तिच्यासमोर फडकं सोडलं. म्हनलं, "बाई, या पोरीनं एकच गोळी खाल्ली. ह्या मी पाजल्या. रोज वाढवत तीसपर्यंत." धर्मेंद्र उठून उभा राह्यला, काही तरी ओरडला, मले आयकू नाई आलं. डॉक्टरीननं त्याले हातानं बसवलं. एक पिंपळी नाकापाशी नेली. मंग कागदावर मोठ्या अक्षरात लिहून माह्यासमोर धरलं, 'तीस?' मी मान हालवली. तिनं अजून लिहिलं, 'तेव्हा का नाही सांगितलं?' मी फडक्याची गाठ बांधाले लागली. तिनं रुपाचा जुना कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, पोरीनं स्वतः होऊन जास्त गोळ्या घेतल्याचा संशय. ते खोडता येत नाई म्हने. पन तिनं खाली नवीन लिहिलं, सही केली, अन् तो कागद रुपाच्या हातात देला. धर्मेंद्रच्या नाई. रुपाच्या.

रुपा माह्याकडं पाहून राहिली होती. राग बी नव्हता तिच्या तोंडावर.

गावात सांगनं बाकी होतं. पोरगी खोटी नाई हे सांगाचं तर गोळी कायची होती हे बी सांगा लागते. धर्मेंद्रनं हात जोडले, "माय, ते नको सांगू, तिचं लगन होनार नाई." रिता इतके दिस काही बोलली नव्हती. ती बोलली. धर्मेंद्रच्या कानात नाई, माह्यासमोर, मले दिसेल अशी ओठ हालवून. "जीव द्याले गेलती म्हनून कोन करनार हाये लगन?"

मंगळवारी पार्वताबाईच्या चक्कीवर दळन घेऊन गेली. आठ-दहा बाया होत्या. चक्की थांबली का बोलली. सगळं सांगतलं, फिटचं बी. पार्वताबाईनं माहा डबा भरून देला, पैसे घेतले नाई. बाकीच्या उठून गेल्या.

आता आंगनात कोनी येत नाई. धर्मेंद्र माह्याशी बोलत नाई. मी कोनाले दोष देत नाई.

तुह्या पुस्तकात माहं नाव पाह्यजे तर राहू दे. पन खरं लिही. आसगावच्या चंद्रभागाबाईले वाढती पिंपळी माहीत नव्हती, तरी तिनं देली.

आत्या

*

आसगाव
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय रेणू आत्या,

मी रुपा. तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या. डिसेंबरात आजीला तुमचं पत्र आलं. तिनं ते वाचलं आणि उत्तर लिहायला मला सांगितलं. मी नाही म्हटलं. तेव्हा मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते.

तुम्ही विचारलं होतं, की तुला पिंपळी देतात हे तू स्वतः डॉक्टरांना का नाही सांगितलं. खरं सांगू का? मला संशय होता. खात्री नव्हती, पण पिंपळी सुरू झाल्यावरच मला झोकांड्या यायला लागल्या होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, अजून काही खाल्लं का, तेव्हा मी आजीकडे बघितलं. त्यांनी मोठ्यानं विचारलं होतं, आणि तोंड समोरच होतं, म्हणजे आजीला कळलं होतं. ती खाली फरशीकडे बघत होती. मला वाटलं, ती सांगेल. तिनं सांगितलेलंच बरं. मी वाट बघत राहिले. मग बाबांनी मारलं, आणि मग मला बोलावंसंच वाटलं नाही. गोळ्यांचं पाकीट मोजा म्हटलं, त्यांनी मोजलं, बरोबर भरलं. तर म्हणाले, दुसरीकडून आणल्या असतील. ज्याला मानायचंच नाही त्याच्यासमोर काय मोजायचं?

बोडीत मी उडी मारली नाही, आत्या. मला बांध दोन दिसत होते. मी चुकीच्या बांधावर पाय ठेवला.

आजीनं भंडाऱ्याला सांगितलं तेव्हा मला आनंद झाला नाही. फक्त खूप थकल्यासारखं वाटलं. चक्कीवरचं मला दुसऱ्या बायांकडून कळलं. त्या दिवशी आजी घरी आली आणि पिठाचा डबा ठेवून विहिरीवर जाऊन बसली. अंधार पडेपर्यंत उठली नाही. मी गेले नाही तिच्याकडे. आई गेली.

माफ केलं का, असं तुम्ही विचाराल. मला माहीत नाही. एखाद्या दिवशी वाटतं केलं, एखाद्या दिवशी तिचा आवाज ऐकला तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. पण एक बदललं. आता गावात बाया तोंडावर विचारतात, "तुले फिट येते म्हने?" मी म्हणते, येते. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडकली. आता नाही अडकत. बाबा अजून अशा वेळी दुसरीकडे बघतात.

कॉलेजात माझी मैत्रीण आहे, गुड्डी. अकरावीपासून आम्ही एका बसनं जातो, तिला मी काही सांगितलं नव्हतं. डिसेंबरात सांगितलं. वाटलं, बाजूला बसणं सोडेल. ती म्हणाली, "मंग आली तर मी काय करू, ते सांग ना." मी सांगितलं: कुशीवर वळव, डोक्याखाली काहीतरी मऊ दे, तोंडात काही घालू नको, कांदा-चप्पल कोणी हुंगवायला आलं तर हाकल, घड्याळ बघ.

गेल्या गुरुवारी वर्गात आली. इतिहासाचा तास होता. मला नेहमीसारखंच काही आठवत नाही. जाग आली तेव्हा डोकं गुड्डीच्या मांडीवर होतं आणि तिच्या मनगटावरचं घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर. "दोन मिनिटं दहा सेकंद," ती म्हणाली, परीक्षेचा निकाल सांगावा तशी. सरांनी खिडक्या उघडल्या होत्या. सगळा वर्ग उभा होता. इतक्या वर्षांत मला ज्याची भीती होती ते हेच होतं, की सगळे बघतील. सगळ्यांनी बघितलं. मग एक जण माझी वही उचलून देत म्हणाला, "सर, आजचं परत सांगा, हिचं राह्यलं." आणि सरांनी खरंच सुरुवातीपासून सांगितलं.

घरी आल्यावर मी हे पाटीवर लिहून आजीला दाखवलं. तिच्यासाठी आता एक पाटी ठेवलीय. तिनं सगळं वाचलं. मला वाटलं, उठेल, काही कुटून आणेल. ती उठली नाही. तिनं मला खडू मागितला आणि खाली लिहिलं, 'लागलं का कुठं?'

मी कोपर दाखवलं. थोडं खरचटलं होतं. आजीनं ते हातात धरलं, बघितलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मीही ओढून घेतलं नाही.

तुमची,
रुपा